राईस मिलच्या मिस्त्रीनं उघडलेला कॉम्प्युटर

माझ्या साळ्याच्या मते या जगात बिघडलेली अशी एकही वस्तू नाही. आहेत त्या फक्त न झाडलेल्या वस्तू. ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर तो झाडलेला नाही, घड्याळ मागं पडत असेल तर ते झाडलेलं नाही, आणि कचेरीतल्या बाबूनं कागद तीन महिने दाबून ठेवला असेल तर तो बाबू आतून झाडलेला नाही. माणसाच्या पोटाबद्दल आणि नवराबायकोच्या भांडणाबद्दलही त्याचं मत हेच. साळा म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये त्यानं जन्मभर मिस्त्रीचं काम केलं. धान येतं तिथं कोंडा उडतो, कोंडा उडतो तिथं मशीन अडते, आणि अडलेली मशीन झाडली की पुन्हा चालते, एवढं एक ज्ञान त्याला मिलमध्ये मिळालं आणि पुढं दुसऱ्या ज्ञानाची त्याला गरजच पडली नाही. मी चौथी शिकलो, तो सातवी. पण मशीनपुढं उभा राहिला की असा बोलतो की शिकलेले लोकही खाली पाहतात. खरं सांगायचं तर चुकतो तो बराच. पण चुकतो तेसुद्धा इतक्या जोरात की आपलंच काही चुकलं असं समोरच्याला वाटावं.

डोळ्यापेक्षा त्याचा भरवसा कानावर. पेचकसाचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा या गालातून त्या गालात सारायचा. मग निकाल सांगायचा, "बेअरिंग रडून राहिली." असं त्यानं विहिरीवरचे पंप ऐकले, एसटी बस ऐकली, आणि एका हिवाळ्यात मी खोकत होतो तर माझी छातीही ऐकली. "भाऊजी, डाव्या बाजूनं पट्टा ढिला हाय तुमचा," म्हणाला. त्याच्या स्वतःच्या लग्नात बॅन्डवाल्यांचा जनरेटर धापा टाकत होता. इकडं मामा अंतरपाट धरून उभे, भटजींनी मंगलाष्टकांना तोंड उघडलेलं, आणि नवरदेव बाशिंग कपाळावर सरकवून जनरेटरला कान लावून बसलेला. चार लोकांनी उचलून आणला तेव्हा हाताला कोपरापर्यंत ग्रीस. नवरीच्या मेंदीवर पाचही बोटं उमटली; साडेचार म्हणायला पाहिजे, पण ते पुढं येईल. ती बाई अजूनही सांगते की माझं लग्न माणसाशी नाही, वर्कशॉपशी लागलं.

कोणतीही वस्तू खोलायच्या आधी त्याला दोन गोष्टी लागतात, एक बारदाना आणि एक खडू. बारदाना म्हणजे धानाचं रिकामं पोतं. ते जमिनीवर अंथरायचं, जो भाग निघेल तो निघाला त्याच क्रमानं, त्याच तोंडानं त्याच्यावर मांडायचा आणि बाजूला खडूनं नंबर घालायचा. "खोलनं कोनालेही येते," तो म्हणतो, "लावाच्या वक्ती मालूम पायजे का कोन कोनाच्या बाजूले बसला होता." एका भाऊबीजेला तो आला आणि दुपारी बारा वाजता त्यानं गॅसची शेगडी बारदान्यावर मांडली. माझी बायको आरतीचं ताट हातात घेऊन उभी. "तू ओवाळून घ्याले आला का ओव्हरहॉलिंग कराले?" तिनं विचारलं. हा बर्नरच्या भोकात काडी घालत म्हणाला, "बाई, जेवन तं रोजचंच हाय. हे भोक तू कधी पायलं काय?" चार वाजता जेवलो. बाकीच्या मिस्त्री लोकांनी मशीन जोडली की दोन स्क्रू उरतात. याचं उलटं, याला नेहमी एक स्क्रू कमी वाटतो आणि तो आपल्या खिशातला घालून देतो. आमच्या घरातल्या शेगडीत, पंख्यात, शिलाई मशीनमध्ये, सगळीकडं त्याचा एक स्क्रू जास्तीचा आहे.

आणि सगळ्यात मोठा नियम बंद करण्याचा. उजव्या हाताचं मधलं बोट त्याचं अर्धंच आहे. बाकीचं अर्धं जवानीत चालत्या पट्ट्यानं नेलं. तेव्हापासून चालत्या मशीनला तो हात लावत नाही. बल्ब बदलायचा असला तरी घराचं मेन बटन बंद करतो आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो, न जाणो कोणी मागून चालू केलं तर. एकदा असाच आमचा फ्यूज खिशात घालून गोंदियाला निघून गेला आणि आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत कंदील लावून बसलो. "अरे, बल्बच होता ना गा," मी म्हणालो, तर त्यानं ते अर्धं बोट माझ्या नाकासमोर धरलं. त्या बोटापुढं कोणाचं काही चालत नाही.

मागच्या पोळ्याच्या आठवड्यात माझी बायको गेली. गोंदियाच्या दवाखान्यात दोन दिवस होती, तिसऱ्या दिवशी गाडीतून घरी आणली. साळा रडला नाही. अंगणात बायामाणसं रडून राहिली होती आणि हा हापशीचा दांडा खालीवर करून पाहून राहिला होता. तेरवीच्या दिवशी तेलाची कुप्पी घेऊन त्यानं घरातलं एकूण एक बिजागर भिजवलं. लोक पंगतीत बसले आणि हा दाराच्या मागं. आमच्या स्वयंपाकघराचं दार जन्मापासून कुरकुरायचं. कुरकुरलं की मला समजे, ती चहा ठेवायला गेली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर दार मुकं. मी त्याला फोनवर अशा शिव्या घातल्या की लिहिता येत नाहीत. त्यानं सगळ्या ऐकून घेतल्या आणि विचारलं, "जाम तं नाई होत ना आता?"

आता कॉम्प्युटरचं सांगतो. तो माझ्या पोरीचा. लग्न होऊन ती नागपूरला गेली तेव्हा तिनं तो इथंच टाकला, जुना झाला म्हणून. माझ्या बायकोनं त्याच्यावर पत्ते खेळायचा नाद लावून घेतला. एकटीनं खेळायचा डाव, सात रांगा, लालवर काळं पान आणि काळ्यावर लाल. दुपारची भांडी झाली की वाटीभर मुरमुरे घेऊन ती बसे, आणि मी चहा मागितला की पाठमोरीच म्हणे, "थांबा, एवढा डाव होऊ द्या." तो डाव काही लवकर होत नसे. मी त्या डब्याला सवत म्हणत होतो. पोळ्याच्या आधी छातीत दुखायला लागलं तेव्हाही ती तिथंच बसली होती. ऑटो दारात आला तरी तिनं मला बजावलं, "बंद नोका करू, आल्यावर पुरा करीन." मी बंद केला नाही. एक महिना नाही, दोन महिने नाही, नऊ महिने केला नाही. लाईन गेली तर इन्व्हर्टर होता. पडदा तेवढा काळा करून ठेवत होतो. आत तिचा डाव तसाच मांडलेला होता. बंद केलं की डाव जाईल, एवढं मलाही समजत होतं.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं आणि भिंतीवर लावायला फोटो पाहिजे. माझ्याजवळ होता तो सरकारी कार्डावरचा, त्याच्यात ती चोर पकडून आणल्यासारखी दिसते. पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरमदी आईचे चांगले फोटो हायेत, त्यातला एक काढून ठेवा." पण तो कॉम्प्युटर असा सुस्त झालेला की एक फोटो उघडायला लावावा आणि बैलं पाजून यावं, तरी अर्धं कपाळच दिसलेलं. आतला पंखा जात्यासारखा घरघरे. तिरोड्याच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "चाचा, फॉर्मेट मारना पड़ेगा, सब साफ हो जाएगा." सब म्हणजे फोटोही आणि डावही. मी चप्पल घातली आणि घरी आलो. मग साळ्याला फोन केला. कॉम्प्युटर धीमा झाला, एवढंच सांगितलं. डावाचं सांगितलं नाही.

तो मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागला त्या दिवशी आला. तसल्या उन्हात कुत्रीही रस्ता ओलांडत नाहीत, हा गोंदियाहून स्कूटरवर आला, मागं हत्यारांची पिशवी. पाणी प्यायला आणि पेचकस डब्याला लावून कान दिला. "आवं भाऊजी, याचा तं दम कोंडला हाय. भुसा हाय आत." मी म्हणालो, "आमच्या घरात मिल हाय काय?" तो म्हणाला, "भुसा सगळीकडं रायते. बंद करा." मी म्हणालो, "बंद नाई करायचा." "काऊन?" "नाई करायचा म्हणजे नाई करायचा. चालू ठेवून काय होते ते कर." त्यानं अर्धं बोट वर केलं. मी पाहिलंच नाही तिकडं.

तीन दिवस तो आमच्याकडं राहिला, आणि चालत्या मशीनला हात न लावता तिला पळवायचे जेवढे उपाय आहेत तेवढे त्यानं केले. टेबल भिंतीपासून हात दोन हात ओढलं, की मागून वारा जाईल. डब्याखाली विटा घातल्या. कूलरचं तोंड माझ्याकडून काढून डब्याकडं केलं. मी घामानं निथळून राहिलो आणि कॉम्प्युटर थंड हवा खाऊन राहिला. मिलमध्ये शेवटी शेवटी तांदळाचा रंग पाहून काळा दाणा निवडणारी मशीन आली होती, ती कॉम्प्युटरवर चालायची, म्हणून माऊस त्याला धरता येतो. त्यानं आत पाहणी केली आणि मला हाक मारली. "इकडं पाहा. चोर पकडाले तीन चौकीदार ठेवले हायेत पोरीनं. चोर एकही नाई. तिघं दिवसभर एकमेकाच्याच झडत्या घेऊन रायले. दुसरं कोनी चालन कसं?" दोन चौकीदार त्यानं काढले. टायपिंग शिकवणारा एक जण होता, कुंडली पाहणारा एक जण होता, मशीन चालू झाली की सगळे न बोलावता येऊन बसायचे. त्यांनाही काढलं. जुने सिनेमे काढले, कचऱ्याची टोपली रिकामी केली. आणि दर खेपेला पडद्यावर विचारणा येई की आता बंद करून पुन्हा चालू करू काय, आणि दर खेपेला मी मागून हात घालून "नंतर"वर दाबे. इंग्रजीतला तेवढा एक शब्द मला डोळ्यानं ओळखता यायला लागला.

फरक पडला. फोटो आता कपाळापासून नाकापर्यंत येऊ लागला. पण नाकाच्या खाली काही उतरेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "अजून एक जन बसला हाय खाली लपून," आणि त्यानं ती पत्त्यांची खिडकी वर आणली. बंद करायच्या फुलीकडं त्याचा बाण चालला तसा मी त्याचा हात धरला. जोरात धरला. त्याच्या हातातला माऊस खाली पडला.

"काय झालं वो?"

"तो तुह्या बहिणीचा डाव हाय."

तो माझ्याकडं पाहत राहिला, मग पडद्याकडं. "कधीचा?"

"ऑटोत बसली तेव्हाचा."

तो उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं खर्रा थुंकायला गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी दारातून पाहिलं, तर भिंतीकडं तोंड करून स्कूटरचं सीट पुसून राहिला होता. स्कूटर काही घाण नव्हती. परत आला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बारदाना काढा एक. खडू असन तं द्या. आन् पत्त्याचा कॅट हाय काय घरात?"

पत्त्याचा कॅट आमच्या घरात कुठला? तो तसाच उन्हात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गेला. तिथं चार म्हातारे सावलीत खेळत बसतात. त्यानं त्यांच्या हातातली पानं गोळा करायला सुरुवात केली. ते ओरडले, "अबे, आमचा डाव अर्धा हाय ना." हा म्हणाला, "आमचाही अर्धाच हाय," आणि पानं घेऊन आला. त्याच्यामागं ते चौघं शिव्या देत दारापर्यंत आले आणि आत जमिनीवर काय चाललं आहे ते पाहून गुमान ओट्यावर परत गेले.

त्यानं बारदाना अंथरला, खडूनं सात रेघा ओढल्या. मी पडद्यावर पाहून सांगायचं आणि त्यानं मांडायचं. "पहिल्या रांगेत इस्पिकचा राजा." "मांडला." "दुसऱ्या रांगेत उलटं एक, त्याच्यावर चौकटची नव्वी." उलट्या पानांच्या खाली कोण आहे हे पडद्यालाच माहीत होतं, आम्हाला नाही, ती त्यानं सगळ्यात शेवटी, उरलेल्या पानांतून डोळे मिटून लावली आणि राहिली ती गड्डी बाजूला ठेवली. पानं उडतात म्हणून कूलर बंद, पंखा बंद. नवतप्याच्या दुपारी दोन म्हातारे गुडघ्यावर. नाकावरचा घाम पानावर पडू नये म्हणून तो मान तिरपी करून मांडून राहिला होता. मी चाळीस वर्षं संसार केला, पण ती पडद्यावर काय खेळते हे मी कधी धड पाहिलं नव्हतं. चहा कधी होईल तेवढं पाहिलं.

सगळं मांडून झाल्यावर त्यानं नंबर टाकले, पडद्याशी दोनदा ताडून पाहिलं आणि थांबला. "भाऊजी, बाई अडकली नव्हती वो. तिची चाल होती. हा इस्पिकचा गुलाम त्या बदामच्या रानीवर जाते." मी पाहिलं. जात होता. त्याचा हात पुढं गेला. मी म्हणालो, "राहू दे." तो म्हणाला, "मी कोठं हलवून रायलो? दाखवून रायलो."

मग तो बाजूला सरकला. "मिलमदी मशीन ज्याची असे तोच बटन बंद करे. दाबा."

मी दाबलं. नऊ महिने त्या खोलीत जी घरघर होती ती थांबली तेव्हा समजलं की मला तिची किती सवय झाली होती. साळ्यानं काही बोलायला वेळ दिला नाही. वायर काढली, फ्यूजही काढून खिशात टाकला, दुसरा बारदाना अंथरला आणि डबा उघडला. आतल्या पंख्यावर धुळीचा थर जमलेला, गोधडीचा तुकडा निघावा तसा तो अख्खाच्या अख्खा निघाला. कीबोर्ड उलटा करून आपटला तर खाली मुरमुऱ्यांचा सडा पडला. त्यानं एक मुरमुरा दोन बोटांत धरून मला दाखवला. "तांदुळच निघाला ना शेवटी? मी पहिल्या दिवसापासून काय सांगून रायलो?" तीन दिवसांत पहिल्यांदा मी हसलो. सायकलच्या पंपानं फुंकून, ब्रशनं पुसून, नंबर पाहून पाहून त्यानं सगळं जागेवर लावलं, आपला एक स्क्रू जास्तीचा घातला, आणि मला म्हणाला, "आता चालूही तुमीच करा."

कॉम्प्युटर सुरू झाला तो मला ओळख पटू नये असा. मी चष्मा पुसेपर्यंत तयार. फोटो एकामागून एक फडाफडा उघडायला लागले. बहुतेकांत माझी बायको फोटो काढणाऱ्याला रागावून राहिलेली. एकातच ती हसली होती, पोरीच्या साखरपुड्यातला. बाजूला हा साळा, हातात पेचकस घेऊन तिला काहीतरी सांगताना. "हाच घ्या," तो म्हणाला, "पन मले कापा वो, नाईतर माह्यावरही हार पडते." फ्रेमवाल्यानं त्याला कापलं, पण तिच्या खांद्याजवळचा त्याचा पंजा काही निघाला नाही. लोक विचारतात हा कोणाचा हात, तर मी सांगतो.

कॉम्प्युटर तेव्हापासून चांगला चालतो. तरी साळा दर रविवारी येतो, मशीन कशी चालते पाहायला म्हणून. पेचकस लावून ऐकतो, ठीक आहे म्हणतो, आणि मग आम्ही पंखा बंद करून बारदान्याच्या दोन बाजूंना बसतो. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना त्यानं नवा कॅट आणून दिला. झाडताना मी त्या बारदान्याच्या कडेनं झाडतो. बहिणीच्या लहानपणच्या गोष्टी त्याच्याजवळ पुष्कळ आहेत, ज्या मला माहीत नव्हत्या; माझ्याजवळच्या काही त्याला माहीत नव्हत्या. पानांना कोणी हात लावत नाही.

मागच्या रविवारी तो बोलता बोलता थांबला होता, आणि मी गुलाम उचलून राणीवर ठेवला. का ठेवला ते मला सांगता येणार नाही. त्यानं पाहिलं. गुलामाखाली एक उलटं पान होतं.

"उघडा," तो म्हणाला.

"तू उघड. तुही बहीण."

"तुमची बायको."

मी उघडलं. चौकटची तिर्री. कुठंच न जाणारी. साळ्यानं पहिले तिर्रीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बाईनं आता कोनाले तरी शिव्या देल्या असत्या," तो म्हणाला. "मलेच देल्या असत्या," मी म्हणालो. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचा आवाज बदलला, ती गेल्यापासून जो बदलला नव्हता तो. मी पाणी आणून त्याच्याजवळ ठेवलं आणि दुसरीकडं पाहत बसलो. जरा वेळानं त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं, गड्डी माझ्याकडं सारली आणि म्हणाला, "काढा पुढचं पान."